दारूची केस आणि सिक्युरिटी क्लिअरन्स: फॉर्म भरताना या चुका टाळा

अमेरिकेत संरक्षण खात्याच्या कंत्राटावर गोपनीय माहितीशी संबंधित काम मिळालं की सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे ती माहिती हाताळायची सरकारी परवानगी, लागते. त्यासाठी एसएफ-८६ नावाचा शंभराहून जास्त पानांचा फॉर्म पुढ्यात येतो. तिकडचं नागरिकत्व घेतलेला आपला माणूस तो भरायला बसतो, दारूच्या प्रश्नापाशी थबकतो आणि त्याला 'झाकली मूठ सव्वा लाखाची' आठवते. घात होतो तो इथेच.

क्लिअरन्सचा निर्णय जून २०१७ पासून लागू असलेल्या १३ निकषांवर होतो. दारू 'जी' निकषात येते, खोटेपणा 'ई' मध्ये. दहा वर्षांपूर्वी एकदा पिऊन गाडी चालवल्याची केस काळाबरोबर फिकी पडते. तीच लपवली तर 'ई' लागतो, आणि माझ्या मते तो जास्त चिवट. चूक जुनी असते, पण खोटं कालचं असतं.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते "केस तर मिटली" या समजुतीने. दारूशी संबंधित आरोप कधीही ठेवला गेला होता का, असा प्रश्न आहे. त्याला इतर काही प्रश्नांसारखी सात वर्षांची मर्यादा नाही. आरोप सौम्य झाला, रद्द झाला, कोर्टाने रेकॉर्ड सीलबंद केलं, तरी उत्तर 'होय'च. पुण्यात नाकाबंदीत पिऊन गाडी चालवताना सापडून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली कोर्टात दंड भरला असेल, तर तेही लिहा. "इंडियातलं कोण बघतंय" हा युक्तिवाद घरीच ठेवा.

लिहायचं राहिलंच असेल, तर "विचारलं तर सांगू" म्हणून थांबू नका. तपासनीसाने कागद समोर ठेवण्याआधी, आपणहून आणि लगेच केलेली दुरुस्ती जमेला धरतात. नंतरची बहुधा सारवासारव ठरते. ऑफिसातल्या मित्राने "लिहू नकोस" सांगितलं, ही सबबही चालत नाही.

किती पिता, हेही डॉक्टरला एक आणि तपासनीसाला दुसरं सांगू नका.

समुपदेशन टाळणं ही खास आपली चूक. लोक काय म्हणतील! खरं तर उपचार घेऊन त्यात टिकून राहणं जमेच्या बाजूला जातं. उलट व्यसनाचं निदान होऊन डॉक्टरने पूर्ण बंद सांगितल्यावर "फक्त लग्नकार्यात" घेणं हाच वेगळा आक्षेप होतो. क्लिअरन्सच्या सुनावणीच्या महिनाभर आधी सोडलेल्या दारूचंही फार वजन पडत नाही.

क्लिअरन्स मिळाल्यावरही अटक किंवा दारूवरचा उपचार कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरला कळवावा लागतो. आता तपासणी सतत चालू असते. अमेरिकेतली अटक तुमच्याआधी त्याच्यापर्यंत पोचू शकते.

आक्षेपांची नोटीस आलीच, तर कंत्राटी कर्मचाऱ्याला लेखी उत्तरासाठी २० दिवस मिळतात. प्रत्येक मुद्द्यावर 'मान्य' किंवा 'अमान्य' लिहा, पुरावे जोडा. इथे संशयाचा फायदा तुम्हाला मिळत नाही. शंका उरली तर निकाल देशाच्या सुरक्षेच्या बाजूने जातो. शिवाय फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा संघीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा.

भरलेल्या फॉर्मची प्रत जपून ठेवा. पुढचा फॉर्म भराल तेव्हा तो या जुन्या फॉर्मशी ताडून बघितला जाईल.