बारदान वजा केलं का? टोकामॅकच्या आरएफ स्टार्टअपमध्ये नवीन येणाऱ्यांसाठी

सांगलीतून फिजिक्स केलंय, फ्यूजनमध्ये जायचंय, असे मेसेज हल्ली बरेच येतात. त्यात दोघातिघांना स्फेरिकल, म्हणजे गोलसर, टोकामॅकमध्ये आरएफनं, म्हणजे रेडिओ-मायक्रोवेव्ह लाटांनी, करंट सुरू करण्यावरच काम करायचंय म्हणून एकदाच लिहून टाकतो. टोकामॅक म्हणजे प्लाझ्मा, तापून विजेरी झालेला वायू, चुंबकी फील्डनं कोंडणारं फ्यूजनचं मशीन, ह्यापेक्षा खोलात जाणार नाही, तेवढं येतंय असं धरतो.

स्फेरिकलची गोची एकच, मधला खांब बारीक, त्यात बसणाऱ्या सोलेनॉइडला, म्हणजे तारेच्या लांब वेटोळ्याला, जागाच नाही. नेहमीच्या टोकामॅकमध्ये सोलेनॉइड ही ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी आणि प्लाझ्मा एका वेढ्याची सेकंडरी, ती सोय गेली की प्लाझ्मात करंट सुरू करायचं काम लाटांनी भागवायचं. छोट्या मशीनवर 2.45 गिगाहर्ट्झचा मॅग्नेट्रॉन चालतो, घरातल्या मायक्रोवेव्हचीच फ्रिक्वेन्सी, तो 875 गॉसच्या थरापाशी इलेक्ट्रॉन तापवतो, सोबत थोडं उभं चुंबकी फील्ड दिलं की करंट धरायला लागतो. उभं फील्ड जास्त झालं तर इलेक्ट्रॉन वरखाली पळून भिंतीला, कमी पडलं तर वाढलेला करंट जागेवर राहत नाही. म्हणून करंट वाढेल तसं तेही चढवत न्यायचं. मी माती खाल्ली ती ह्या चढवण्यात.

दुसऱ्या वर्षाला होतो. एका रात्री एका शॉटमध्ये, म्हणजे मशीनच्या एका फेरीत, करंट मोजणाऱ्या रोगोव्स्की कॉइलवर नेहमीच्या दुप्पट करंट दिसला. स्क्रीनचा फोटो काढून गाइडना पाठवला, घरी फोन केला, दोन आठवडे स्लाइडी रंगवल्या. मीटिंगच्या आदल्या दिवशी आमच्या टेक्निशियन काकांनी चहा पिता पिता विचारलं, "गॅस बंद ठेवून हाच शॉट मारलायस ना?" मारला होता की, पण त्याच्या आठवडाभर आधी, आणि तेव्हा उभं फील्ड सावकाश चढवत होतो, त्या रात्री घाईत रॅम्प, म्हणजे फील्ड चढवण्याचा वेग, बराच जोरात ठेवलेला. काकांनी व्हॉल्व बंद केला आणि तोच शॉट परत मारला. कॅमेऱ्यात मिट्ट काळोख, आत प्लाझ्माचा पत्ता नाही, आणि स्क्रीनवर माझा अर्धा करंट जसाच्या तसा उभा.

झालं काय, तर आमची कॉइल व्हेसलच्या, म्हणजे प्लाझ्मा ज्या धातूच्या भांड्यात असतो त्याच्या, बाहेरून गुंडाळलेली. ती प्लाझ्माचा करंट मोजते आणि व्हेसलच्या भिंतीतनं जो फिरतो तोही मोजते. उभं फील्ड जेवढं झपाट्यानं बदलाल तेवढा भिंतीतला करंट जास्त, आणि बेट्याची दिशाही प्लाझ्माच्या करंटचीच, त्यामुळं शंका येत नाही. अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तू कोरड्या पोत्याचं बारदान वजा केलंस आणि माल ओल्या पोत्यात तोललास." एवढं नेमकं मला कुठल्या पेपरनं सांगितलं नव्हतं बघा.

तर रॅम्प बदलला, फील्ड देणाऱ्या कॉइलचा करंट बदलला, की गॅसशिवायचा शॉट नव्यानं. जुना चालत नाही. कंटाळा आला तरी मारायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी मारायचा. मोजणाऱ्या कॉइलच्या सिग्नलची बेरीज करून करंट दाखवणारा इंटिग्रेटर सरकतो, म्हणून शॉटच्या आधीची आणि नंतरची शून्याची रेषाही बघायची. एवढं करून जो करंट उरतो तोही सगळा लाटांचा नाही, उभं फील्ड चढताना तेही थोडं व्होल्टेज देतंच, मग ‘सोलेनॉइडशिवाय’ लिहा, ‘निव्वळ आरएफनं’ लिहिताना दहादा विचार करा.

घाबरू नका पण. इंग्लंडमधल्या मास्ट ह्या स्फेरिकल टोकामॅकवर 28 गिगाहर्ट्झच्या लाटांनी 73 किलोअँपिअरपर्यंत मजल गेलीय, आणि आयडिया काय भारी, बाहेरनं सोडलेली लाट मधल्या खांबावरच्या खाचांच्या आरशावर आपटून पोलरायझेशन बदलून परत फिरते आणि आतल्या बाजूनं बर्नस्टाइन लाट, म्हणजे प्लाझ्माच्या आतच चालणारी इलेक्ट्रॉनची लाट, होते. ह्या लाटेला कटऑफची डेन्सिटी, म्हणजे जिच्यापुढं साधी लाट प्लाझ्मात शिरत नाही ती, आडवी येत नाही. 2.45 गिगाहर्ट्झला ही कटऑफची डेन्सिटी घनमीटरला साधारण 7 × 10¹⁶ इलेक्ट्रॉनांवरच लागते, म्हणजे लगेचच. टोकियो विद्यापीठाचं टीएसटी-2 वेगळ्या वाटेनं जातं, 200 मेगाहर्ट्झची लोअर हायब्रिड नावाची दुसऱ्या जातीची लाट. असं बरंच चाललंय, जागा आहे.

सीनियरचा रे-ट्रेसिंग कोड, म्हणजे लाटेची वाट काढणारा प्रोग्रॅम, ढापून रंगीत चित्रं काढत बसणाऱ्यांचं मात्र माझ्याशी जमत नाही. 1/R नं, म्हणजे मधल्या खांबापासून लांब जाल तसं, पडणारं फील्ड वहीवर काढून रेझोनन्सचा थर, तोच इलेक्ट्रॉन तापतात तो, कुठं येतो हे हातानं काढता येत नसेल तर कोड उघडूच नका. आणि गाइड मोठ्या नावाचा बघण्यापेक्षा लॅबमध्ये संध्याकाळी सातनंतर कोण दिसतं ते बघा. माझे गाइड वाईट नव्हते, पण तो फोटो बघून त्यांनी अंगठा पाठवला होता, बारदानाचं विचारलं काकांनी.

प्रवेशाचं विचारताय तर गांधीनगरच्या आयपीआरला, म्हणजे प्लाझ्मा रिसर्चच्या संस्थेला, जेस्ट ही प्रवेश परीक्षा चालते, तयारी एमएस्सीच्या पहिल्या वर्षापासनं धरा, इलेक्ट्रोडायनॅमिक्स सोडू नका. मला दुसऱ्या खेपेला जमलं. पहिल्या वेळी रिझल्ट बघून आयर्विन पुलावर जाऊन तासभर नुसता पाणी बघत उभा होतो, मग भडंग घेऊन घरी आलो. त्या स्लाइडी अजून आहेत माझ्याकडं, कुणाला अर्धा करंट भिंतीचा कसा दिसतो ते बघायचं असेल तर मागा, पाठवतो.