राबाईच्या वाटेने: केनियाच्या किनारी खेड्यांत मिशनसेवेला जाणाऱ्यांसाठी

मोम्बासा शहरापासून थोडे आत, नारळाच्या बागा संपून मक्याची शेते सुरू होतात त्या टेकड्यांवर राबाई हे गाव आहे. योहान लुडविग क्राफ हे जर्मन मिशनरी १८४४ मध्ये या किनाऱ्यावर आले आणि त्याच वर्षी त्यांची पत्नी व नवजात मुलगी दगावली. १८४६ मध्ये योहानेस रेबमान त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी राबाईत मिशनचे ठाणे उभे केले. रेबमान जवळजवळ तीस वर्षे या भागात राहिले आणि १८७५ मध्ये मायदेशी परतले तेव्हा त्यांची दृष्टी गेलेली होती. एवढ्या वर्षांत त्यांच्याभोवती जमलेली ख्रिस्ती मंडळी अगदी लहान होती. ती वाढली ती मुख्यतः आफ्रिकी माणसांमुळे, आणि त्यांतील काहींचे शिक्षण नाशिकला झाले होते.

गुलामांच्या जहाजांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवली जात. त्यांतील अनेकांना नाशिकजवळच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने आश्रय दिला आणि अक्षरओळखीबरोबर हातचे कामही शिकवले. आफ्रिकेत फिरलेले स्कॉटिश मिशनरी व शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये आजच्या झांबियात वारले तेव्हा त्यांच्या दफनविधीची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हा याच शाळेचा विद्यार्थी होता. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे नाशिकहून राबाई-मोम्बासा भागात गेले, त्यांनी तिथे अनेक वर्षे शिकवले व उपदेश केला, आणि १८८५ मध्ये त्यांना धर्मसेवेची दीक्षा मिळाली. महाराष्ट्रातून आज तिकडे सेवेला निघणाऱ्याने हा इतिहास मनात ठेवावा, कारण पुढील प्रत्येक सूचना त्यातूनच येते. तिथली मंडळी तुमच्या आधीपासून उभी आहे, तुम्ही तिचे पाहुणे आहात, आणि पाहुण्याने यजमानाच्या घरात कसे वागावे हे आपल्याला घरी शिकवलेले असतेच.

निघण्यापूर्वी

स्थानिक मंडळीचे लेखी निमंत्रण हातात पडल्याशिवाय तिकीट काढू नये. निमंत्रण मिळाले की त्यांना स्पष्ट विचारावे: कोणते काम आहे, किती काळासाठी आहे, आणि मी कोणाला उत्तरदायी राहीन? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या स्थानिक पाळकाचे किंवा मंडळीच्या वडिलांचे, म्हणजे तिच्या ज्येष्ठ प्रमुखांचे, नाव असले पाहिजे. सर्व निर्णय भारतातील संस्थाच घेणार असेल, तर ती व्यवस्था निघण्याआधी बदलून घ्यावी, कारण तिथे पोहोचल्यावर ती बदलणे फार अवघड जाते. केनियात धार्मिक व सेवाभावी कामासाठी स्वतंत्र परवाना असतो. पर्यटक म्हणून प्रवेश करून उपदेश करीत फिरणे बेकायदा तर आहेच, शिवाय त्यामुळे तुम्हाला बोलावणारी मंडळी अडचणीत येते.

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र पासपोर्टबरोबरच ठेवावे. केनियातून भारतात परतताना ते दाखवता आले नाही, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागू शकते. किनारपट्टीवर हिवताप वर्षभर असतो. डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिबंधक गोळ्या नेमाने घ्याव्यात, औषध लावलेल्या मच्छरदाणीत झोपावे, आणि ताप आला की ‘दोन दिवस बघू’ असे न म्हणता त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. प्रार्थना करावी आणि तपासणीही करावी. या दोहोंत विरोध आहे असे तुमच्या वागण्यातून कोणालाही वाटू देऊ नये. याचे कारण पुढे येईलच.

पहिले वर्ष शिकण्याचे

पहिल्या सहा महिन्यांत भाषेखेरीज दुसरे काम अंगावर घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. क्राफ यांनी पत्नी गेल्यानंतरच्या त्या दुःखातही स्वाहिलीचा अभ्यास सोडला नाही. त्यांनी स्वाहिलीचे व्याकरण लिहिले, आणि त्यांचा शब्दकोश त्यांच्या मृत्यूनंतर १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला त्यांच्याहून सोपे जाते, कारण अरबी-फारसीतून आलेले आणि शतकानुशतकांच्या समुद्री व्यापारातून गेलेले कितीतरी शब्द दोन्ही भाषांत सापडतात. दुकानाला तिकडे ‘दुका’ म्हणतात, पैशाला ‘पेसा’, गाडीला ‘गारी’, साबणाला ‘साबुनी’, आणि भेटल्यावर विचारतात ती ‘हबारी’ म्हणजे आपली खबरच. तरीही स्वाहिलीवर थांबू नये. ती बाजाराची, शाळेची आणि कचेरीची भाषा आहे. किनाऱ्यामागच्या खेड्यांत घरात बोलली जाते ती किगिर्यामा, किराबाई किंवा मिजिकेंदा या इथल्या नऊ जमातींच्या समाजातील अशीच दुसरी बोली. आजी नातवाला ज्या भाषेत रागावते ती भाषा थोडीतरी कळू लागेपर्यंत माणसाला ऐकणारा पाहुणा म्हणून राहता आले पाहिजे.

राहण्यासाठी कुंपणाच्या आतला स्वतंत्र बंगला घेण्यापेक्षा एखाद्या कुटुंबाच्या अंगणात खोली घ्यावी. कोणाच्याही दारात गेल्यावर बाहेरूनच ‘होडी’ अशी हाक द्यावी आणि आतून ‘करीबू’ आल्यावरच पाऊल टाकावे. वयाने मोठ्या व्यक्तीला ‘शिकामू’ म्हणावे. ती ‘मराहाबा’ म्हणून त्याचा स्वीकार करते. त्यानंतर घरातली माणसे, पाऊस, शेत, गुरे यांची विचारपूस होते, आणि ती पूर्ण होण्याआधी कामाचे बोलणे काढणे उद्धटपणाचे ठरते. दुसऱ्याला ठेच लागली, ओझे उचलावे लागले किंवा दुःख झाले तर ‘पोले’ म्हणतात. त्यात चूक कोणाची हा प्रश्न नसतो. तुझा त्रास मला दिसला एवढेच त्यात असते. हा एक शब्द मनापासून उच्चारता आला तर बरीच दारे उघडतात. जेवणात मक्याच्या पिठाचा ‘उगाली’ असतो. तो उजव्या हाताने मोडून, गोळा करून भाजीबरोबर खातात, आणि भाकरीची सवय असलेल्या माणसाला तो लवकर आवडू लागतो.

मयताला मात्र जायलाच हवे, आणि गेल्यावर गप्प बसायला हवे. तिथे गेल्यावर पहिल्याच महिन्यात एका घरी मृत्यू झाला, तेव्हा मी पोहोचताच प्रार्थना करायला उभा राहिलो. आमच्या पाळकांनी हात धरून मला खाली बसवले, कारण घरातील वडीलधाऱ्यांचे बोलणे अजून सुरू व्हायचे होते. त्या दिवशी मी चार तास बसून राहिलो आणि एक शब्दही बोललो नाही. पुढच्या आठवड्यात त्याच घरातून मला जेवणाचे बोलावणे आले.

मिजिकेंदा समाजाची ‘काया’ नावाची पवित्र वने आहेत. त्यांतील काहींना २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. या समाजातील गिर्यामा लोकांत थोर पूर्वजांच्या स्मरणार्थ कोरीव लाकडी खांब उभारतात. असे कितीतरी खांब चोरीला जाऊन परदेशांतील संग्रहांत विकले गेले आहेत, त्यामुळे त्यांच्याजवळ परका माणूस दिसला की लोक सावध होतात आणि ते साहजिकच आहे. वनात तिथल्या वडीलधाऱ्यांच्या परवानगीवाचून जाऊ नये, खांबांना हात लावू नये, छायाचित्र काढू नये, आणि उपदेशात त्यांची टिंगल तर कधीच करू नये.

सेवा कशी करावी

गावात काय नाही याची यादी करण्याआधी काय आहे ते पाहावे. सरकारी दवाखाना असतो, आपल्या आशा सेविकांसारखे आरोग्य स्वयंसेवक असतात, शाळा असते, बायकांचे बचत गट असतात, आणि सार्वजनिक कामासाठी वर्गणी व श्रम गोळा करण्याची ‘हरांबे’ ही रीत असते. तुमच्याकडचे कौशल्य यांपैकी एखाद्याच्या हाताखाली द्यावे. परिचारिकेने स्वतःचे वेगळे औषधकेंद्र काढण्यापेक्षा सरकारी दवाखान्यात बसावे, आणि शिक्षकाने आहे त्या शाळेत शिकवावे. भारतातून जुने कपडे गोळा करून नेऊ नयेत. तिथे जुन्या कपड्यांचा ‘मितुंबा’ बाजार जोरात चालतो आणि फुकटच्या गाठोड्याने एखाद्या विक्रेत्या बाईचा आठवड्याचा धंदा बुडतो.

पाण्याच्या कामाचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. आपल्या जालना आणि सोलापूर भागात मिशनशी संबंधित माणसांनी टिकाऊ हातपंप घडवले आणि त्यांच्यातूनच पुढे ‘इंडिया मार्क टू’ पंप तयार झाला. तो आफ्रिकेतही पोहोचला. पण तो उघडून दुरुस्त करायला अवजड साधने आणि कसबी माणसे लागत, म्हणून १९८० च्या दशकात मलावीत आणि मोम्बासाच्या दक्षिणेकडील क्वाले जिल्ह्यात काम होऊन ‘आफ्रिदेव’ पंप पुढे आला, जो गावातील बायका थोड्या साधनांनी स्वतः उघडून दुरुस्त करू शकतात. कोणतेही काम हाती घेताना हीच कसोटी लावावी: मी नसताना हे कोण उघडेल, सुटा भाग कुठे मिळेल, आणि त्याचे पैसे गावाच्या कोणत्या पेटीतून येतील? उत्तर मिळत नसेल तर विहीर खोदू नये.

पैसा स्वतःच्या हाताने वाटू नये. कोणाच्या मुलाची फी भरायची असेल तर ती मंडळीच्या वडिलांमार्फत आणि त्यांच्या नोंदवहीतून जावी. लहान मुलांबरोबर एकट्याने बंद खोलीत थांबू नये, आणि त्यांचे छायाचित्र पालकांच्या संमतीशिवाय काढू अथवा पाठवू नये. देणगीदारांना दाखवण्यासाठी गरिबीचे फोटो काढणे हे मला पाप वाटते.

विश्वास सांगताना

देवाचे नाव तिथे नव्याने न्यावे लागत नाही. स्वाहिलीत ‘मुंगू’ आणि मिजिकेंदा बोलींत ‘मुलुंगू’ हा शब्द देवासाठी होताच, आणि शास्त्राच्या भाषांतरांनी तोच स्वीकारला. म्हणून सुरुवात प्रश्नांनी करावी: तुमचे आजोबा मुलुंगूविषयी काय सांगत? पाऊस लांबला तर प्रार्थना कशी करीत? हे ऐकून झाल्यावर येशूची गोष्ट सांगावी, आणि ती गोष्ट म्हणूनच सांगावी. पेरणारा, हरवलेले मेंढरू, घर सोडून गेलेला धाकटा मुलगा यांचे अर्थ शेत आणि गुरे असलेल्या माणसाला समजावून द्यावे लागत नाहीत. किनाऱ्यावर मुसलमान शेजारी पुष्कळ आहेत. त्यांच्या सणाला जावे, आपल्या सणाला त्यांना बोलवावे, आणि कोणी विचारले तर आपला विश्वास न लपवता, पण वाद न घालता सांगावा. औषध, धान्य किंवा फी यांची सांगड बाप्तिस्म्याशी कधीही घालू नये. मुलांना काही शिकवायचे असेल तर आधी पालकांना विचारावे.

दोन गोष्टींबाबत विशेष दक्षता हवी. २०२३ मध्ये राबाई ज्या किलिफी काउंटीत (जिल्ह्यात) येते तिथल्याच शाकाहोला जंगलात उपवास करून मेल्यास ख्रिस्ताची भेट होईल या शिकवणीपायी ४०० हून अधिक माणसांचे बळी गेले आणि त्यांत मुले होती. त्यानंतर अनोळखी उपदेशकाकडे लोक संशयाने पाहतात आणि ते योग्यच आहे. उपास सांगताना, आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना किंवा शेवटल्या दिवसांविषयी बोलताना औषध, अन्न आणि शाळा सोडू नये हे त्याच बोलण्यात स्पष्ट सांगावे. दुसरे असे की, या भागात पांढऱ्या केसांच्या वृद्धांवर चेटकाचा आरोप ठेवून त्यांना मारल्याच्या घटना घडतात, आणि त्यामागे पुष्कळदा जमिनीचा वाद असतो. सैतान व दुष्टात्मे यांविषयीचा बेसावध उपदेश अशा आरोपाला बळ देऊ शकतो. व्यासपीठावरून कोणाकडेही बोट जाईल असे बोलू नये, आणि एखाद्या म्हाताऱ्याविषयी कुजबुज ऐकू आली तर त्याच संध्याकाळी स्थानिक पाळकांना घेऊन त्याच्या अंगणात जाऊन सर्वांना दिसेल असे बसावे.

निघण्याची तारीख पहिल्या वर्षीच ठरवावी. शेवटच्या वर्षभरात उपदेश, हिशेब आणि बैठकांचे अध्यक्षपद एकेक करून स्थानिक माणसांकडे द्यावे आणि त्यांनी वेगळ्या पद्धतीने केले तरी बोलू नये. राबाईत सुरुवातीच्या मिशनच्या जुन्या प्रार्थनामंदिरात आता क्राफ यांच्या नावाचे छोटे संग्रहालय आहे. परतण्यापूर्वी तिथे जाऊन यावे आणि शरणपूरहून आलेल्या माणसांविषयी तिथल्या लोकांना विचारावे.