पायथनमध्ये स्वतःची एरर बनवताना टेस्टमध्ये गफलत होते, ती अशी टाळा

समजा, लासलगावच्या कांदा लिलावाच्या नोंदी तपासणारा प्रोग्राम नाशिकला बसून लिहिताय. काट्यावरून वजन शून्य किंवा उणे आलं की नुसती व्हॅल्यूएरर (पायथनची तयार ‘चुकीची किंमत’ एरर) फेकून भागत नाही. आकड्याच्या जागी अक्षरं आली तरी मजकुराचा आकडा करणारा इंट हीच एरर देतो. मग काटा बिघडला की टाइप करणारा चुकला, हे कळणार कसं?

प्रोजेक्टचा एक मूळ क्लास घ्या, लिलावएरर. तो एक्सेप्शनपासून (नेहमीच्या एररचा पायथनमधला मूळ क्लास) काढा, बेसएक्सेप्शनपासून नाही. त्याखाली वजनएरर, भावएरर. बारक्यासारक्या चुकीला नवा क्लास नको. पकडल्यावर वेगळं काही करणार असाल तरच काढा. लॉट क्रमांक आणि वजन ही फील्ड एररमध्येच ठेवा.

खरी गोची टेस्टमध्ये. पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनात रेझेस हा ठरावीक एरर येते का ते तपासतो. त्याला नुसतं एक्सेप्शन दिलेली टेस्ट मी रिव्ह्यूत सरळ परत पाठवतो. फंक्शनच्या नावात एक अक्षर चुकलं की नेमएरर येते. तीही एक्सेप्शनच, म्हणून टेस्ट हिरवीगार! लिलावएरर दिली तरी तेच, भावएरर आली तरी पास. नेमकी वजनएररच लिहा.

रेझेस ज्या विथ ब्लॉकवर लावतो, त्याच्या आत एकच ओळ हवी, एरर फेकणारी. तिच्याखाली आतच असर्ट (तपासणीच्या ओळी) लिहिलेले कितीदा तरी दिसतात. एरर उडाली की पुढची ओळ चालतच नाही, त्यामुळे ते असर्ट शोभेचे. ब्लॉकच्या बाहेर या, पकडलेल्या एररची फील्ड तपासा: लॉट 42, वजन उणे 3. रेझेसच्या मॅचने एररचं वाक्य ताडून पाहा असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. उद्या कुणी वाक्य सुधारलं की टेस्ट मोडते. शिवाय मॅच रेगेक्स (मजकुराचे नमुने लिहायची पद्धत, तिच्यात कंसाला वेगळा अर्थ) वापरतो, त्यामुळे ‘वजन (क्विंटल)’ मधले कंस जसेच्या तसे जुळतच नाहीत.

आणखी एक टेस्ट बहुतेक जण लिहीत नाहीत. एररचा इनिट (ती तयार होताना चालणारी मेथड) लॉट आणि वजन घेतो, पण सुपरला, म्हणजे मूळ क्लासच्या इनिटला, तयार वाक्य तेवढं देतो. एका प्रोसेसमध्ये सगळं ठीक. मल्टिप्रोसेसिंगमध्ये, म्हणजे काम अनेक प्रोसेसमध्ये वाटलं की, एरर पिकल होऊन (बाइट्समध्ये बांधून) दुसऱ्या प्रोसेसकडे जाते आणि उघडताना इनिटला ते एकटं वाक्य मिळतं, की टाइपएरर! मूळ चूक राहते बाजूला. म्हणून सुपरला लॉट आणि वजन दोन्ही द्या, वाक्य एररचा मजकूर देणाऱ्या एसटीआर मेथडमध्ये जुळवा. मग टेस्टमध्ये एरर पिकल करून परत उघडा आणि दोन्ही फील्ड तीच आहेत का बघा.