डी-लाइनचा कोच व्हायचंय? मग आधी छोटं कॉलेज धरा

इथे अमेरिकेत शिकायला आलेल्या किंवा इथेच वाढलेल्या मराठी पोरांपैकी एखादा अधूनमधून विचारतो, की कॉलेज फुटबॉलमध्ये कोचिंगला शिरता येईल का? फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, हेल्मेटवाला. येतं की. मी ओहायोतल्या एका डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटातल्या छोट्या कॉलेजात डिफेन्सिव्ह लाइन, म्हणजेच डी-लाइन शिकवतो. बचावाची ही पहिली फळी. मध्ये अवजड टॅकल, कडेला जरा चपळ एंड.

नेहमीची वाट अशी: शिकत असतानाच टीमचा विद्यार्थी-मदतनीस व्हायचं, मग ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे जीए. जीएला बहुतेक ठिकाणी मास्टर्सची फी माफ असते आणि हातखर्चापुरतं मानधन मिळतं. त्या बदल्यात ऑफिसातलं पडेल ते काम करायचं. सगळ्यांना हे जीएपद मोठ्या, टीव्हीवर दिसणाऱ्या विद्यापीठात हवं असतं. माझं मत उलटं आहे. तिथे तुम्ही व्हिडिओ कापता, प्रतिस्पर्ध्याच्या चालींची कार्डं काढता, पाहुण्यांना विमानतळावरून आणता. २०२४ मध्ये नियम बदलला आणि वरच्या गटात मुख्य कोच व दहा सहायकांपलीकडच्या स्टाफलाही मैदानावर शिकवायची मुभा मिळाली, हे खरं. पण तिथे एकेका फळीमागे इतकी माणसं उभी असतात, की तुमच्या वाट्याला शिट्टीसुद्धा येत नाही. छोट्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात चार एंड तुमच्या हवाली करतात. शिकवणं शिकवूनच येतं.

लॅरी जॉन्सनचं उदाहरण घ्या. या धंद्यात डी-लाइनचा कोच म्हटलं की पहिलं नाव त्याचं निघतं. १९९६ मध्ये तो पेन स्टेट विद्यापीठात गेला, त्याआधी कितीतरी वर्षं हायस्कूलच्या पोरांना शिकवत होता. २०१४ मध्ये ओहायो स्टेटला आल्यावर त्याच्या हाताखालून जोई बोसा, निक बोसा आणि चेस यंग गेले. तिघेही एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या वार्षिक खेळाडू-निवडीत, पहिल्या तिनांत उचलले गेले.

आता शिकवायचं काय? आधी उभं राहायच्या जागांचे नंबर पाठ करा. समोर आक्रमणाची फळी असते: मध्ये बॉल मागे देणारा सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, मग त्यांचे टॅकल आणि कडेला टाइट एंड. सेंटरच्या नाकासमोर उभा तो झीरो, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर थ्री, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर फाइव्ह, टाइट एंडच्या बाहेर नाइन. मीटिंगमध्ये कोणी थांबून समजावत नाही. मग येतो गेट-ऑफ, म्हणजे बॉल हलताक्षणी सुटणं. समोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे त्यांच्या चाली चालवणारा खेळाडू, ओरडून फसवणारच. त्याच्या आवाजावर सुटलात तर ऑफसाइड, पाच यार्डांचा दंड. म्हणून मी काठीच्या टोकाला बॉल अडकवून त्यांच्यासमोर धरतो, तोंडाने वाट्टेल ते ओरडतो आणि मधेच काठी हलवतो. फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाची पोरं सुरुवातीला आवाजावरच उडतात. कान बंद करून डोळ्यांनी खेळायला लागायला त्यांना बराच वेळ जातो, आणि सरावात फक्त आपल्या फळीसाठी मिळणारा वेळ, ज्याला इंडी म्हणतात, असतो दहा-पंधरा मिनिटांचा.

सर्वांत अवघड शिकवणं डबल टीमचं. समोरून दोघं एकदम अंगावर येतात तेव्हा पोरगं उभं राहतं आणि मागे ढकललं जातं. त्याने करायचं असतं ते नेमकं उलट: कंबर खाली टाकायची, ज्या बाजूने दुसरा आला त्या बाजूचा गुडघा जमिनीकडे न्यायचा आणि जागा सोडायची नाही. बॉलवाल्याला पाडल्याचं श्रेय त्याला मिळत नाही, पेपरात नाव येत नाही, पण मागच्या फळीतला लाइनबॅकर पाडायला मोकळा राहतो. हे त्या पोराला पटवणं हे निम्मं कोचिंग. हातांचं काम मात्र हायस्कूलला रेसलिंग केलेल्यांना पटकन जमतं. पास-रशमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकवर चालून जाताना, मनगटं झटकणं, आतली पकड मिळवणं, हे आपल्या तालमीतल्या खडाखडीसारखंच आहे. भरतीच्या वेळी मी रेसलिंगचा रेकॉर्ड आधी बघतो.

रविवारी व्हिडिओ. डी-लाइन मैदानाच्या टोकाकडून, एंड झोनच्या मागून घेतलेल्या कॅमेऱ्यातच नीट दिसते, बाजूच्या कॅमेऱ्यात नुसता गोळा दिसतो. प्रत्येक चालीला प्रत्येक पोराला अधिक किंवा उणे: नेमून दिलेलं काम केलं का, तंत्र बरोबर होतं का, शेवटपर्यंत धावला का. लग्नं, बारशी, गणपती सगळं ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये हुकतं, ते वेगळंच.

ऑगस्टच्या उन्हाबद्दल एक सांगतो. १४० किलोचं शरीर लवकर तापतं. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा लाइनमन सरावातल्या उष्माघातानंतर दगावला, आणि त्याला वेळेवर थंड पाण्यात बुडवलं गेलं नव्हतं, असं चौकशीत निघालं. बर्फाच्या पाण्याचा टब भरून ठेवलाय का, हे सराव सुरू करण्याआधी स्वतः जाऊन बघा. पोरगं 'मी ठीक आहे' म्हणालं तरी विश्वास ठेवू नका.

भरतीत डिव्हिजन थ्रीला खेळाची स्कॉलरशिप देता येत नाही. त्यामुळे आईवडिलांशी माझं बोलणं पास-रशपेक्षा फी, कर्ज आणि गरजेनुसार मिळणाऱ्या मदतीबद्दलच जास्त होतं. फॉर्म कसे भरायचे हे शिकून घ्या, उपयोगी पडतं.

पगाराचं म्हणाल तर वरच्या टोकाला डी-लाइनचा कोच वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर मिळवतो. आमच्याकडे जोडीला वेट रूम सांभाळावी लागते किंवा एखादा तास घ्यावा लागतो. नोकरीची शाश्वती दोन्हीकडे नाही. एड ओर्जरॉन मुळात डी-लाइनचाच कोच. मुख्य कोच म्हणून त्याने एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) २०१९ च्या हंगामात १५-० ने राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात त्याला निरोप द्यायचं जाहीर झालं. मुख्य कोच गेला की बहुतेक सहायकही सामान बांधतात. भाड्याचं घर, थोडी शिल्लक आणि चालू स्थितीतली गाडी एवढं हाताशी ठेवा. घरच्यांना हे आधीच सांगितलेलं बरं.

जागा निघतात त्या डिसेंबर-जानेवारीत. मुलाखतीला जाताना तुम्ही शिकवत असतानाचा मैदानावरचा व्हिडिओ सोबत न्या. हायस्कूलचा असला तरी चालेल. आणि तुम्हीही विचारा: इंडीच्या वेळात माझ्याकडे कोणती पोरं असतील? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढच्या कॉलेजला फोन लावा.