जिबच्या शीटला गाठ नको, फास हवा

मुंबई बंदरात दुपारी वायव्येचा वारा भरला की जे-२४ या शर्यतीच्या शिडाच्या बोटीवर टॅक घेताना, म्हणजे बोटीचं नाक वाऱ्यातून पलीकडे वळवताना, ओरडा ठरलेला: शीट श्राउडला अडकली! शीट म्हणजे जिब हे पुढचं शीड ओढायचा दोर, श्राउड म्हणजे डोलकाठीला बाजूने ताणून धरणारी तार. अडकण्याचं कारण क्ल्यूवरच्या, म्हणजे शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यावरच्या, दोन जाडजूड बोलाइन गाठी. त्याऐवजी स्टीलची शॅकल (जोडकडी) लावावी, तर फडफडत्या शिडाबरोबर ती कुणाच्या तरी कपाळावर बसते. माझ्या बोटीवर शॅकलला बंदी आहे. म्हणून शीटच्या टोकाला स्प्लाइस करून फास करायचा, म्हणजे दोराची शेपटी त्याच्याच पोटात पुरायची.

दोर ८ मिमीचा घ्या, आत डायनीमाचा (अतिशय मजबूत पॉलिथिलीन धाग्याचा) गाभा आणि वर पॉलिएस्टरचं आवरण असलेला. साधा पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त पडतो, पण उन्हात त्याचा भुगा होतो. प्रत्येक शीट बोटीच्या दीडपट, म्हणजे ११ मीटर.

कापाकापीआधी जिब चढवून शीट पूर्ण ताणा आणि विंचपाशी (शीट गुंडाळून ताणायच्या ढोलापाशी) दोरावर खूण करा. उघडा डायनीमा विंचवर घसरतो, तो तिथवर पोचता कामा नये. मला टोकाकडचं १.२० मीटर आवरण काढलेलं पुरतं. टोकापासून तीनेक मीटरवर आधी एक गाठ मारून ठेवा, नाहीतर आवरण सरकत राहतं.

आता गाभा. साधारण ५ मिमीचा, बारा पेडांचा, आतून पोकळ. आत पुरायची शेपटी जाडीच्या ७२ पट, म्हणजे ३६ सेंमी. डायनीमा इतका गुळगुळीत की इथे कंजूषी केली तर स्प्लाइस सरकन सुटतो. टोकापासून ३६ सेंमीवर पहिली खूण, तिच्यापुढे २० सेंमीवर दुसरी. मधला भाग फासाचा. शेपटीच्या शेवटच्या १२ सेंमीत थोड्या थोड्या अंतराने पेड कापून ती निमुळती करा. बोथट ठेवली तर ती जिथे संपते तिथेच दोर कमजोर पडतो.

दुमडलेली पातळ तार दुसऱ्या खुणेच्या ४० सेंमी पलीकडून गाभ्यात घाला, आतून सरकवत खुणेपाशी बाहेर काढा, शेपटी तिच्यात अडकवून मागे ओढा. दोन्ही खुणा भेटल्या की फासाकडून पलीकडे वीण ओरपत न्या, गाईचा सड ओढावा तशी. शेपटी आपसूक आत गडप होते.

मग मोची वापरतो तो मेणदोरा घेऊन स्प्लाइसच्या तोंडाशी आरपार टाके घाला. ताण असेपर्यंत टाक्यांची गरज नसते, पण शीड फडफडायला लागलं की सैल दोरातून शेपटी हळूहळू निसटते. आवरणाचं टोक पिंजून पातळ करा आणि गाभ्याला शिवून टाका. गरम सुरी तिथे नकोच: पॉलिएस्टर २५० अंशांच्या पुढे वितळतं, डायनीमा १५० च्या आसपासच.

फास क्ल्यूच्या कडीतून घाला, शीटचं दुसरं टोक फासातून ओढून आवळा. दुसरी शीट तशीच. ऑक्टोबरात बोटी पाण्यात उतरवताना टाके नखाने उचकून बघा. एक जरी हलला तरी सगळे उसवून नव्याने घाला.