आवाज चढला की मी खोलीबाहेर जाते

लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर एक दिवस माझ्या लक्षात आलं की काहीही बोलण्याआधी मी नवऱ्याचा चेहरा बघते. साधं "आज मला जमणार नाही" म्हणायचं असलं तरी आधी त्याच्या कपाळावर आठी आहे का ते पाहायचं, आणि मग वाक्य गिळायचं नाहीतर गोड करून बोलायचं. त्याचा आवाज चढायचा, मी माफी मागायचे, तो शांत व्हायचा. कशाबद्दल माफी मागितली असं कुणी विचारलं असतं तर पुष्कळदा मला सांगता आलं नसतं. यातून बाहेर यायला दीड वर्ष लागलं. त्या काळात "स्वतःवर प्रेम कर" असं सगळे सांगत होते, पण उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नव्हतं. म्हणून मी माझ्या नात्यांत सीमा कशा आखल्या, म्हणजे काय खपवून घेणार नाही आणि तसं झालं तर मी काय करणार हे कसं ठरवलं, ते इथे लिहिते.

त्याआधी एक गोष्ट नीट वाचा. पुढचं सगळं वाद असलेल्या घरासाठी आहे, भीती असलेल्या घरासाठी नाही. जोडीदार मारत असेल, धमक्या देत असेल, फोन तपासत असेल, हातात पैसे ठेवू देत नसेल, आपल्या माणसांपासून तोडत असेल, तर त्याच्यासमोर उभं राहून सीमा सांगायला जाऊ नका. इव्हन स्टार्क या अभ्यासकाने अशा रोजच्या, बारीकसारीक ताब्याचा अभ्यास केला. अशा ताब्याला 'कोअर्सिव्ह कंट्रोल', म्हणजे धाकाने ठेवलेला ताबा, म्हणतात. तिथे तुमचं "नाही" हे आव्हान ठरतं, आणि नातं सोडतानाचा काळ सर्वांत धोक्याचा असू शकतो. अशा वेळी आधी घराबाहेरच्या एका विश्वासू माणसाला सगळं सांगा, महत्त्वाच्या कागदांच्या प्रती त्या माणसाकडे ठेवा आणि कौटुंबिक हिंसेवर काम करणाऱ्या मदतकेंद्राबरोबर बाहेर पडण्याची आखणी करा. हे फक्त आपल्याच वाट्याला आलंय असं वाटून गप्प राहू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ३० टक्के स्त्रियांनी जोडीदाराकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा किंवा इतर कुणाकडून लैंगिक हिंसा सोसलेली आहे.

भीती नसेल तर वहीपासून सुरुवात करा. मी पंधरा दिवस रोज रात्री तीन गोष्टी लिहिल्या: कुणी काय मागितलं, मी काय म्हटलं, आणि तेव्हा अंगात काय झालं. छाती भरून आली, जबडा आवळला, पोटात गोळा आला, जे झालं ते. मन स्वतःला फसवतं, "मला काही वाटत नाही" म्हणतं. पोट तसं म्हणत नाही. पंधरा दिवसांत माझे एकतीस 'हो' निघाले, आणि त्यातल्या एकोणीसपुढे 'गोळा' लिहिलं होतं. मला वाटलं होतं की सगळे नवऱ्याचे असतील. पण सात माझ्या धाकट्या बहिणीचे होते. रात्री अकराला फोन करून ती तास-तासभर कुणाची ना कुणाची तक्रार सांगायची, आणि मी "हं, हं" करत जागायचे.

आता यातली एकच गोष्ट निवडा, आणि तीही सर्वांत छोटी. एकदम पाच सीमा आखल्या की आठवड्याभरात पाचही मोडतात.

मग वाक्य तयार करा. मी पहिलं वाक्य चुकीचं केलं होतं: "तू माझ्यावर ओरडायचं नाहीस." ते पाळणं माझ्या हातात नव्हतंच, त्याच्या हातात होतं. सीमेचं वाक्य असं हवं की ते तुम्ही एकटीने पार पाडू शकाल. माझं पुढे असं झालं: "तुझा आवाज चढला की मी खोलीबाहेर जाईन आणि अर्ध्या तासाने परत येऊन बोलेन." अर्धा तास मी उगाच घेतला नव्हता. जोडप्यांच्या भांडणांवर संशोधन करणारे जॉन गॉटमन सांगतात की भांडणात छातीचे ठोके वाढलेले असले तर शरीर शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. तोवर ऐकून घेण्याची कुवतच राहत नाही. परत येणं मात्र चुकवू नका, नाहीतर ती सीमा न राहता अबोला होतो.

हे वाक्य शांत वेळी, एकदाच सांगा. कारणांची यादी जोडू नका. मी दिलेल्या प्रत्येक कारणावर नवा वाद निघाला. विचारलंच तर तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हणा.

पुढचा भाग मला आधी माहीत असता तर मी पहिल्यांदा हरले नसते. सीमा आखल्यावर सुरुवातीला गोष्टी बिघडतात. वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या परंपरेतल्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं की कळ दाबून दाणा मिळायची सवय झालेल्या पक्ष्याचा दाणा बंद केला की तो काही काळ आधीपेक्षा जास्त जोराने टोचतो. आणि दाणा अधूनमधून मिळत राहिला तर ती सवय मोडायला सर्वांत कठीण जाते. माझ्या घरी तिसऱ्या आठवड्यात आवाज पूर्वीपेक्षा मोठा झाला आणि मी बसून राहिले, माफीही मागितली. म्हणजे किती ओरडलं की मी बसते, ते मीच शिकवलं. म्हणून सीमा छोटी घ्या; ती दर वेळी पाळता आली पाहिजे.

याच काळात उलटं बोलणंही होतं. आधी "मी असं कधी केलंच नाही", मग "तूच किती विचित्र झालीस", शेवटी "उलट मलाच त्रास होतोय". जेनिफर फ्रेड या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली या तिहेरी डावाला 'डार्वो' असं नाव दिलं. मी ते नाव वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं. ऐकताना मनात मोजायचे: एक, दोन, तीन. मोजताना रडू येत नाही, हा माझा अनुभव.

अपराधी वाटतंच. बहिणीला "साडेनऊनंतर फोन उचलणार नाही, सकाळी मी करेन" सांगितलं तेव्हा ती दोन महिने बोलली नाही, आणि मी रोज स्वतःला निष्ठुर म्हणत होते. तेव्हा आधार झाला तो मॉरिस रोझेनबर्ग यांच्या १९६५ सालच्या आत्मसन्मान मोजणाऱ्या प्रश्नावलीचा. दहाच विधानं आहेत. त्यात कुणापेक्षा श्रेष्ठ असण्याचा प्रश्न नाही. एका विधानात इतरांच्या बरोबरीने आपलीही किंमत आहे असं वाटतं का, ते विचारलंय. मला तिच्यापेक्षा मोठं व्हायचं नव्हतं. तिच्या झोपेइतकीच माझी झोप मोलाची होती. दर रविवारी मी तिला एकदा फोन करत राहिले, माफी न मागता. नवव्या रविवारी तिने उचलला.

सीमा तुमच्याच हातून मोडली तर खुलासा करू नका, पुढच्या वेळी पाळा. तीन महिन्यांनी वही पुन्हा काढा आणि तेच पंधरा दिवस लिहा. नवऱ्याच्या नावापुढचे गोळे माझ्या वहीत निम्म्यावर आले होते. एका जुन्या मैत्रिणीपुढे मात्र एकही कमी झाला नव्हता. ती प्रत्येक भेटीत माझ्या वजनावरून चारचौघांत बोलायची, आणि मी उठून गेले तरी पुढच्या भेटीत तेच. तिला आता मी एकटीने भेटत नाही. वाढदिवसाला निरोप पाठवते, तीही पाठवते.