पांढरा पक्षी, पिवळा पोपट, पांढरा नाग दिसला? या चुका टाळा

थंडीत नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला गर्दी होते आणि मग एखाद्या पांढुरक्या साळुंकीचा फोटो 'अल्बिनो' म्हणून ग्रुपवर फिरू लागतो. बहुतेक वेळा ती अल्बिनो नसतेच.

आधी डोळा बघा. अल्बिनो प्राण्याच्या शरीरात मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य तयार होत नाही, त्यामुळे बुबुळातही रंग नसतो. आतल्या रक्तवाहिन्यांमुळे डोळा गुलाबी किंवा लाल दिसतो. पक्ष्याचे पाय आणि चोचही फिकट असतात. डोळा नेहमीसारखा काळाभोर आणि अंगावर पांढरे ठिपके-पट्टे, तर तो बहुधा ल्युसिझम, म्हणजे डोळ्यांचा रंग शाबूत आणि अंगाचा रंग थोडा किंवा पूर्ण गेलेला. कावळ्याच्या पंखात दोन-चार पिसं पांढरी असली, तर कारण निकृष्ट आहार किंवा जुनी जखमही असू शकते. आहाराचं कारण असेल तर पुढच्या पिसं-बदलात रंग परतूही शकतो. पांढऱ्या वाघालाही लोक अल्बिनो समजतात. 1951 मध्ये रेवाच्या जंगलात पकडलेल्या 'मोहन'पासून चालत आलेल्या या वाघांचे डोळे निळे आणि पट्टे गडद असतात, म्हणजे ते अल्बिनो नाहीत.

फोटोवरून ठरवताना दोन गोष्टी हमखास फसवतात. फ्लॅश मारला की कुठल्याही प्राण्याचा डोळा चमकून लाल दिसू शकतो. दिवसाउजेडी, फ्लॅशशिवाय काढलेला फोटोच ग्राह्य धरा. दुसरं म्हणजे जास्तीचा उजेड. मोबाइलने फोटो काढताना स्क्रीनवर पक्ष्यावर बोट ठेवून उजेड कमी करा, पिसांच्या कडा दिसू लागतील. येवला तालुक्यातल्या ममदापूरला भर दुपारी काळविटाची मादी अशीच पांढुरकी वाटते. तिचा खरा रंग बदामी, आणि पोट पांढरं असणं हे नेहमीचंच.

उलट चूकही होते: अल्बिनो म्हणजे पांढराशुभ्रच, असं धरून चालणं. पोपटाच्या हिरव्या रंगात पिवळं रंगद्रव्य वेगळं असतं. मेलॅनिन गेलं तरी ते उरतं आणि लाल डोळ्यांचा पिवळाधमक पोपट दिसतो. काळ्या बिबट्याची गोष्ट याच्या उलट. त्याच्यात मेलॅनिन जास्त असतं, जात वेगळी नसते. तिरप्या उन्हात त्याचे ठिपके दिसतात, आणि ठिपकेवाल्या आई-बापांनाही काळं पिल्लू होऊ शकतं.

नागाच्या बाबतीतली चूक मात्र जिवावर बेतते. शेतात पांढरा नाग निघाला की हळद-कुंकू येतं, वाटीत दूध येतं, दर्शनाला रांग लागते. कृपा करून हे थांबवा. दूध हे सापाचं अन्न नाही. रंग गेला म्हणून विष कमी होत नाही, आणि उघड्यावर पडलेला तो जीव आधीच घाबरलेला असतो. लांब उभे राहा, लहान मुलांना आत घ्या, वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा. त्याला बरणीत ठेवणं, गावोगाव दाखवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे.

अल्बिनो प्राण्यांची नजर बहुधा अधू असते, कारण डोळ्याच्या पडद्याची नीट वाढ व्हायलाही मेलॅनिन लागतं. त्यात अंगाचा रंग लपू देत नाही. शिकरा हा शिकारी पक्षी असो की माणूस, असा प्राणी सगळ्यांच्या नजरेत भरतो. म्हणून फोटो टाकताना फक्त तालुका लिहा. शिवार, विहीर, वस्तीचं नाव नको, आणि फाइलमधलं लोकेशन आधी काढून टाका.